बिनविरोध

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली ती एकदाच. कागदोपत्री ती दर पाच वर्षांनी होते, पण लोक रांगेत उभे राहिले, पेटीत मतं पडली आणि ती कुणीतरी मोजली, असं माझ्या माहितीत एकदाच घडलं आणि तेही आमच्या घरामुळे घडलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत, काहींची नातवंडं माझ्या शाळेत शिकून गेली आणि जी माणसं वारली त्यांच्याशी आता कसलं भांडण? महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की सावित्रीच्या कडेकडेनं जी छोटी गावं लागतात, त्यांतलं एक समजा. मी आयुष्यभर मास्तरकी केली आणि मास्तरकीबरोबर निवडणुकीची ड्यूटी. पेट्या वाहिल्या, नंतर यंत्रं वाहिली, शाळांच्या फरशीवर सतरंज्या टाकून झोपले, लोकांच्या बोटांना शाई लावली. आता कंटाळा आलाय. तरीही या प्रकरणाशिवाय हे आत्मकथन पुरं व्हायचं नाही, म्हणून बसलेय लिहायला.

आमच्याकडची पद्धत अशी. गावकी म्हणजे गावातल्या घरांची पंचायत, आणि तिच्या वर मुंबईचं मंडळ, म्हणजे पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले पण गाव न सोडलेले आमचेच लोक. निवडणूक आली की मंडळाची मुंबईत सभा व्हायची, तिथं नाव ठरायचं आणि ते नाव गावात यायचं. मग देवीच्या देवळात बैठक. पाटावर कुंकू लावलेला नारळ. प्रत्येक घरातला कर्ता पुढे येऊन नारळ उचलायचा, कपाळाला लावायचा आणि खाली ठेवायचा. झालं, गावाचा शब्द गेला. त्यानंतर कुणी फॉर्म भरायचा नाही, कुणी विरोधात बोलायचं नाही. ‘आमच्या गावात राजकारण नाय, एकी हाय’ असं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो. मीसुद्धा सांगितलेलं आहे, कॉलेजात, महाडला, पहिल्या वर्षाला असताना. ऐकणाऱ्या मुलीनं विचारलं, मग तुमच्या गावात लाइट का नाही पूर्ण? मी विषय बदलला.

घरात आम्ही तिघं. मोठी बहीण लग्न होऊन खेडच्या बाजूला गेलेली. बाबा फौजेत, त्यामुळे घर खरं तर आईचंच. पहाटे कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकांचा गिअर बदलल्याचा आवाज यायचा, त्यावर आई उठायची, घड्याळ तिला लागलंच नाही. मग चुलीचा धूर, तांदळाच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवल्याचा चर्र आवाज आणि मागच्या परड्यापलीकडून सुंदराकाकीची हाक. सुंदराकाकी म्हणजे आमची शेजारीण. नवरा मुंबईच्या कापडगिरणीत होता तो लवकर गेला, मुलगा मुंबईत, ही एकटी. आईचं आणि तिचं काय होतं ते सख्ख्या बहिणींचंही नसेल. विस्तव हिच्या चुलीतून तिच्या चुलीत जायचा, कुळथाचं पिठलं तिकडून इकडे यायचं. सुकट भाजली की वासावर दुसरी यायचीच. दोघी परड्यात बसून वाल सोलायच्या आणि साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या. “गो शेवंते,” काकी म्हणायची, “तुजा हवालदार पेन्शनीत आला ना, की तुला माज्याशी बोलायला येळ मिळायचा नाय बघ.” आई म्हणायची, “तो येऊ दे तरी. आला की बंदूक साफ करीत बसंल.”

बाबा आले ते बंदूक न घेता. फौजेतले शेवटचे काही महिने ते शांतिसेनेत होते, आफ्रिकेतल्या एका देशात. तिथं कितीतरी वर्षं आपसातलं युद्ध चाललेलं, ते थांबलं होतं आणि पहिली निवडणूक व्हायची होती. बाबांच्या तुकडीला एका शाळेवर पहारा दिलेला, मतदान तिथं होतं. बाबा मुळात मोजकं बोलणारे. गोळीबाराचे, बर्फाचे किस्से त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाहीत. पण त्या शाळेबद्दल मात्र येईल जाईल त्याला सांगत बसायचे, गोठ्यातल्या माणसालाही. लोक आदल्या दिवसापासून येऊन फाटकाबाहेर बसलेले. कुणाला पाय नाही, कुणाला हात नाही. ज्याच्या बोटाला शाई दिसेल त्याचं बोट तोडू, अशी रानातल्या टोळ्यांनी धमकी दिलेली. तरी रांग हलली नाही. “आणि मजा काय,” बाबा सांगायचे, “जे हरले ना, ते बंदुका घेऊन परत रानात नाही गेले. कारण त्यांच्या माणसांसमोर मोजलं. खरं मोजलंय हे कळलं की माणूस हार सोसतो. खोटं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लढाई होती.” ऐकणारा हो हो म्हणायचा आणि विडी विझवून निघून जायचा. इथं कोणाला लढाई माहीत होती? बाबांना मात्र तो देश आणि आमचं गाव यांत काहीतरी सारखं दिसायला लागलं होतं आणि आमच्या घरावरचं संकट तिथून सुरू झालं.

त्या वर्षी आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली. मंडळानं नाव पाठवलं ते भिकूतात्यांच्या सुनेचं. भिकूतात्या म्हणजे गावकीचे मुख्य, धिप्पाड, बोलायला गोड. सून नालासोपाऱ्याला राहायची, गावात ती शिमग्याला आणि गणपतीला दिसायची. नारळ उचलायच्या बैठकीला बाबा गेले आणि नारळ न उचलता परत आले. “मी एवढंच म्हटलं की मतदान होऊ द्या,” त्यांनी आईला सांगितलं. “तिकडे बंदुकीच्या धाकानं बिनविरोध व्हायचं, इकडे नारळाच्या.” आई म्हणाली, “तुमी देवीच्या नारळाला बंदूक म्हनलात?” बाबा म्हणाले, “म्हटलं.” आईनं कपाळावर हात मारला. मग बाबांनी हळूच विचारलं, तू उभी राहशील का? आई भांडी घासायला उठली. तिच्या मनात अजिबात नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तिला पंचायतीत जायची हौस नव्हती आणि गावाशी वाकडं तर तिला स्वप्नातही घ्यायचं नव्हतं.

नाही म्हणायचं तिचं ठरलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी भिकूतात्या स्वतः आले. आई ओटीला लागून असलेल्या चुलीपाशी भाकऱ्या करत होती, हाताच्या अंतरावर. तात्या बाबांना म्हणाले, “हवालदार, फौजेतला ताठा फौजेत. बायकोचं नाव पुढं करायचा इचार हाय असं आयकलं. बाईमाणसाला यातलं काय कळतं? ती बिचारी तुमी सांगाल तिथं अंगठा करील. तिला सांगून ठेवा, नाव द्यायचं नाय.” आईनं भाकरी तव्यावरून काढली, शेकायला निखाऱ्यावर उभी केली, हात पदराला पुसले आणि तात्यांना काही न म्हणता बाबांना विचारलं, “कुठं सही करायची? सातवीपर्यंत शिकलेय मी. अंगठा नाय करत.” बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तात्या उठून गेले. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढचं माहीत असतं तर आलं नसतं.

फॉर्म भरला त्याच आठवड्यात आम्हाला वाळीत टाकलं. आता त्याविरुद्ध कायदा आहे, तेव्हा नव्हता, आणि कायदा असला तरी न बोलणाऱ्या माणसाला बोलायला कोणता फौजदार लावणार? आमच्याशी जो बोलेल त्याला दंड. दुकानात आम्हाला मीठ नाही. पिठाची गिरणी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तिच्या पट्ट्याचा आवाज दिवसभर कानात, आणि आम्ही तांदूळ दळायला पिशवी घेऊन एसटीनं पोलादपूरला जायचो. लग्नाचं आमंत्रण नाही, मयताचा निरोप नाही. विहिरीवर आई गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या, भांडायच्याही नाहीत. आईला सगळ्यात जास्त लागलं ते परड्यापलीकडचं गप्प होणं. सुंदराकाकीनं पहिल्या दिवशी परड्यात येऊन नुसतं आईकडे बघितलं, डोळे पुसले आणि आत गेली. त्यानंतर ती तिचा विस्तव रात्री राखेत जपून ठेवू लागली, मागायला यायला नको म्हणून. मी चिडले. आई म्हणाली, “तिला बोलू नको. ती एकटी बाई. उद्या ताप आला तर मुंबईवरनं पोरगा यायला रात जाते. गावाबिगर ती जगल कशी?” मग भाकऱ्या करता करता आईचा बांध फुटला आणि ती बाबांवर ओरडली, “तुमच्या आफ्रिकेपायी माजा शेजार गेला!” बाबा मागच्या दारी जाऊन लाकडं फोडत बसले, सरपण भरपूर असताना.

तरीही आईनं नाव मागे घेतलं नाही. भिकूतात्यांचा निरोप आला होता की मागे घ्या, सगळं विसरू. आईला ‘छत्री’ हे चिन्ह मिळालं होतं. एका दुपारी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मला बरोबर घेतलं आणि घरोघर निघाली. दारं लागायची. मुलांना आत ओढून घ्यायचे. आई लागलेल्या दाराशी उभी राहायची आणि नेहमीच्या आवाजात, जणू भाजी आणायला जाते सांगावं तसं म्हणायची, “मी शेवंता. उभी हाय. माजी निशानी छत्री. पटलं तर द्या, नाय पटलं तर नका देऊ. आत गेल्यावर कोन बघायला नाय.” पुढच्या दाराशी पुन्हा तेच. एवढंच तिचं भाषण. मी पुढे कितीतरी पुढाऱ्यांची भाषणं ऐकली, ड्यूटीवर असताना ऐकावीच लागतात. त्या वाक्यापलीकडचं फारसं काही कुणी सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकात भिकूतात्या हात जोडून उभे होते, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत. माझं पहिलंच मत. वर्गाच्या कोपऱ्यात टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा केला होता, त्यावर मुलांनी काढलेलं कमळाचं चित्र तसंच राहिलेलं. शिक्का हातात घेऊन मी आत गेले आणि मला एकदम मोकळं वाटलं. कित्येक आठवड्यांनी अशी जागा मिळाली होती जिथं गावातलं कुणीही माझ्याकडे पाठ फिरवत नव्हतं, कारण तिथं कुणी नव्हतंच. हल्ली पुठ्ठ्याआड लोक मोबाइल नेतात. कुणीतरी बाहेर वाट बघत असतं, मत दिल्याचा फोटो दाखव म्हणून. माझी बहुतेक ड्यूटी ते मोबाइल बाहेर ठेवून घेण्यात जाते, लोक माझ्यावर खेकसतात आणि मी त्यांना दर वेळी सांगते की हे तुमच्यासाठीच आहे. पटत नाही कुणाला. दमायला होतं.

मोजणी तालुक्याला होती. बाबा एकटे गेले, दुपारच्या एसटीनं परत आले आणि स्टॉपवरून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. आई हरणार हे सगळ्यांना माहीत होतं, ती हरलीच. तात्यांची सून सहज निवडून आली. पण बाबांचा आनंद मावत नव्हता. “अकरा!” ते म्हणाले. आमच्या घरात मतं तीन. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. “नीट मोजली का?” “माझ्यासमोर मोजली.” “मग आठ कोनाची?” त्यावर बाबा मोठ्यानं हसले, फौजेतून आल्यापासून पहिल्यांदाच. वॉर्ड एवढासा, त्यात नारळ उचललेल्या घरांमधून आठ माणसांनी आडोशामागे जाऊन छत्रीवर शिक्का मारला होता. पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. वाळीत आम्ही तेव्हाही होतोच, मीठ तेव्हाही पोलादपूरहूनच येत होतं, पण रस्त्यावर मान फिरवून जाणारा प्रत्येक माणूस मला निराळाच दिसू लागला. हा असेल? गिरणीवाला? विहिरीवरची ती नवी सून? सगळ्यांना बघून हसावंसं वाटायचं. आई परड्यात वाल सोलायला बसायची आणि पलीकडे सुंदराकाकी बसायची, दोघी न बोलता. पण आई गुणगुणायची, मुद्दाम जरा मोठ्यानं.

मात्र ज्या आकड्यानं आम्हाला जीव आला, त्याच आकड्यानं गावकीची झोप उडवली. आईला हरवल्याचा आनंद त्यांना झालाच नाही. गावाचा शब्द मोडणारी आठ माणसं कोण, हे त्यांना हवं होतं. शिमग्याला मुंबईचे सगळे लोक आले. पालखी घरोघर निघायच्या आदल्या दिवशी गुरवानं वाडीतून ओरडत दवंडी दिली, म्हणून आम्हालाही ते कळलं. दुपारी देवळात यायचं, घरटी एक माणूस. देवीपुढचा नारळ उचलायचा आणि म्हणायचं की माझ्या घरातून छत्रीला मत गेलं नाही. खोटं बोलेल त्याचं देवी बघून घेईल.

हे किती भयंकर होतं, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलतील, तलाठ्याकडे बोलतील, देवीचा नारळ हातात घेऊन बोलणार नाहीत. उद्या तीच देवी पालखीत बसून दारात येणार. ज्यांनी मत दिलं होतं त्यांच्यापुढे दोनच वाटा. खरं बोलायचं आणि आमच्यासारखं वाळीत पडायचं, नाहीतर खोटं बोलून देवीला जन्मभर भ्यायचं. बाबा संतापले. पोलिसांत जातो म्हणाले, महाडला वकील आहे म्हणाले. आईनं नुसतं विचारलं, “दुपारपातूर येईल का तुमचा वकील?”

आम्हाला देवळात मज्जाव. आम्ही समोरच्या रस्त्यावर उभे राहिलो. रस्ता सरकारचा आहे, असं बाबा म्हणाले. मंडप भरलेला, खालूबाजावाले ढोल खाली ठेवून बसलेले. भिकूतात्यांनी नारळ पाटावर ठेवला. घरं देवळाकडून मोजायची, त्यात सुंदराकाकीचं घर पहिल्या काहींत. बाकी घरांतून बापये आलेले, ती विधवा म्हणून तिला स्वतःच पुढे यावं लागलं. पहिल्या दोघातिघांनी नारळ उचलला, शब्द म्हटले, ठेवला. मग काकीचं नाव घेतलं. ती उठली, पाटापर्यंत गेली, वाकली आणि तिचे हात नारळावर गेल्यावर तिथंच राहिले. उचलेना. तिनं मत दिलं होतं म्हणून, की नुसत्या देवीच्या भयानं, मला आजही माहीत नाही. मंडपात कुजबुज सुरू झाली. “उचल गो,” कुणीतरी म्हणालं. तात्या पुढे वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, “काय सुंदरे? जड झाला काय?”

माझ्या शेजारून आई निघाली. चपला रस्त्यावर, पदर डोक्यावर, सरळ माणसांमधून. कुणी तिला अडवलं नाही, अडवायचं तर बोलावं लागलं असतं. तिनं सुंदराकाकीच्या हाताखालून नारळ काढून घेतला. “तात्या,” ती म्हणाली, “ह्यो नारळ माजा. गावाचा शबूद पयला कोनी मोडला? मी. उभी मी रायले. मी उभी नसते रायले तर कोन कशाला शिक्का मारणार व्हतं? मी देवीपुढं मापी मागते. गावापुढं मागते. दंड म्हनाल तो भरते, देवीला लुगडं नेसवते. पन नारळ एकदाच उचलायचा, मीच उचलायचा. त्यापुढं तो कोनाच्या हातात द्यायचा नाय. कबूल असंल तर बोला, नायतर मी हितंच उभी रायते आणि उद्या पालखी काडा माज्या अंगावरनं.”

बाबा रस्त्यावरून दोन पावलं पुढे आले होते. त्यांच्या ओठांवर ‘नाही’ होतं, मी बघितलं. आईनं वळून त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. ते थांबले. मंडपातून मुंबईचा एक म्हातारा म्हणाला, “मापी मागतेय ना ती? मग संपवा ना तात्या. सणाचं काय मांडलंय हे?” मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. इतक्या घाईनं आणि इतक्या आवाजांत ‘संपवा, संपवा’ आलं की तात्यांनी मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. त्यांना हवी होती ती माफी समोर उभी होती. ते म्हणाले, “बरं. गावाचा मान राह्यला.” आईनं नारळ कपाळाला लावला. तेवढ्यात बाबांनी बूट काढले, आत आले, आणि ज्या माणसानं परदेशातली शाळा राखली होती त्यानं आमच्या देवळात आईच्या बाजूला उभं राहून मान खाली घातली. मला रडू कोसळलं. शरमेनं रडले मी, खरं सांगायचं तर.

घरी येऊन मी भांडले. आपण जिंकलो होतो, मी ओरडले, आपल्याला आठ माणसं मिळाली होती आणि तू त्यांच्या पायावर डोकं ठेवलंस. आई पुरणाची डाळ निवडत होती, उद्या पालखी आमच्याही दारी येणार होती. ती खूप थकलेली दिसत होती. “ती आठ आपली कशाची गो?” ती म्हणाली. “ज्याची त्याची व्हती. आत गेल्यावर कोन बघायला नाय, असं दारोदार मीच सांगितलंवतं. त्या शबदावर त्यांनी शिक्का मारला. आज त्यांना देवीपुढं उघडं पाडलं असतं, तर पुढल्या येळेला आडोशामागं जाऊन कोन मनासारखं करील?” बाबा दाराशी बसले होते. ते म्हणाले, “आम्ही पेटीभोवती बंदुका घेऊन उभे होतो. तुझ्या आईनं आज हातात काही नसताना ती राखली.” आई म्हणाली, “सरपण आना.”

पुढच्या निवडणुकीला गाव पुन्हा बिनविरोध. त्याच्या पुढच्यालाही. परवाही झालं, हायवेच्या कमानीवर अभिनंदनाचा फलक लागलाय, त्यावर नेत्यांचे फोटो. मला विचाराल तर त्या एका निवडणुकीनं गावात काही बदललं नाही. तात्या मरेपर्यंत मुख्य होते. बाबांनी ती आफ्रिकेची गोष्ट सांगणं त्या शिमग्यानंतर सोडून दिलं आणि त्यांचं ते गप्प होणं मला आजही सलतं. कधीकधी ड्यूटीवर रात्री यंत्रांना सील लावताना वाटतं, कशासाठी चाललंय हे सगळं? उत्तर म्हणून मला त्या दुसऱ्या दिवशीची पालखी आठवते, आणि तेवढ्यावर मी पुढचं सील लावते.

पालखी आमच्या अंगणात आली, नाचवली, आईनं ओटी भरली. माणसं पुढच्या घराकडे निघाली आणि गर्दीतून सुंदराकाकी मागे राहिली. किती महिन्यांनी ती आमच्या ओटीवर चढली होती. आईच्या समोर येऊन उभी राहिली, तिचा हात घट्ट धरला आणि तोंड उघडलं. “शेवंते, तुला एक सांगायचं हाय. त्या दिवशी शाळेत मी आत गेले ना, तवा...”

आईनं पुरणपोळीचा घास तिच्या तोंडात घातला. “नको,” ती म्हणाली. “मलापन नको सांगू.” काकी घास गिळून पुन्हा बोलायला गेली, तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, डोळ्यांतून पाणी गळत. पुढे त्या दोघी शेवटपर्यंत शेजारी राहिल्या, विस्तव पुन्हा इकडून तिकडे गेला, काकीच्या शेवटच्या दुखण्यात आई तिच्या उशाशी बसून होती. तिथंही काकीनं एकदा विषय काढला, आणि आईनं तो ऐकून घेतला नाही.